पाहुण्यांचा खण

गल्लीत सगळे त्यांना पिनकोड म्हणत. तोंडावर पिनकोडकाका, पाठ वळली की नुसतं पिनकोड. त्यांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतही होतं. टपालाच्या सॉर्टिंगमध्ये उभी हयात घालवलेल्या माणसाला याहून मोठी पदवी कोण देणार होतं?

ते काम बघायला सोपं वाटायचं. समोर लाकडी खणांची भिंत, डाव्या हाताशी पत्रांची चळत, उजव्या अंगठ्यावर रबराची टोपी. पत्र उचलायचं, पत्त्याखालचे सहा आकडे बघायचे आणि खणात टाकायचं. गावाचं नाव वाचत बसायचं नाही. एकाच नावाची दहा गावं असतात, आणि लोकांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची पळापळ. आकडा मात्र बरोबर दारात नेऊन सोडतो. पहिला आकडा मोठा मुलूख सांगतो, त्यापुढचे दोन त्यातला भाग सांगतात आणि शेवटचे तीन सांगतात की कुठल्या पोस्टाचा पोस्टमन हे पत्र पिशवीत घालून निघणार.

या कामानं काकांना दोन गोष्टी दिल्या. एक कंबरदुखी आणि दुसरी कुणावरही विश्वास न ठेवण्याची सवय. ही दुसरी कुठून आली असं कुणी विचारलं की ते म्हणत, "अहो, लोक पाकिटावरसुद्धा खोटं बोलतात." आणि ते खरंच होतं. नाल्याच्या अलीकडे राहणारी माणसं पलीकडच्या बंगल्यांचा पिनकोड ठोकून देत, म्हणजे पत्र बघणाऱ्याला वाटावं की आपण मोठ्या वस्तीतले. पत्र दोन दिवस उशिरा मिळालं तरी चालेल, पण थाट हवा. काका असं पाकीट हातात घेऊन हसत आणि योग्य त्या खणात भिरकावत. शहरात कोण किती पाण्यात आहे हे आपल्याला कळतं, असं त्यांना वाटायचं.

निवृत्त झाल्यावर खण गेले, संशय राहिला. दुकानात बिल करताना काउंटरवरच्या मुलीनं पिनकोड विचारला की त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकायची. हिला काय करायचंय आमच्या पिनकोडचं? मग ते दर दुकानात वेगळा आकडा सांगत. या हुशारीपायी एकदा घरची नवी गादी शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पडली आणि बायकोनं आठवडाभर अबोला धरला. काकांचा संशय मात्र गादीवाल्यावरच राहिला.

नव्या माणसाची पारख करायचा त्यांचा एक हातखंडा प्रश्न होता. "तुम्ही जन्मात सगळ्यात जास्त वेळा कुठला पिनकोड लिहिलात?" त्यांचं म्हणणं असं, की माणूस स्वतःबद्दल काहीही थापा मारेल, पण हाताला वळण पडलेला आकडा लपवता येत नाही. लग्नानंतर बायकोला विचारलं तेव्हा तिनं चटकन आपल्या माहेरचा पिनकोड सांगितला आणि डोळे पुसले. काका निर्धास्त झाले. विमा विकायला आलेल्या एकानं पाचच आकडे सांगितले. त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही.

आणि मग लेकीनं एक दिवस सांगितलं की मला तुम्हाला एका माणसाला भेटवायचंय.

लेक एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करत होती. तिथल्या लिफ्टची देखभाल करायला जो यायचा, तो हा. उंच, सडपातळ, बोलणं मोजकं. काकांनी त्याचं नाव ऐकलं आणि सोडून दिलं. त्यांच्या लेखी तो लिफ्टवाला.

लिफ्टवाला आला, चपला नीट ओळीत काढल्या आणि खोलीत पाऊल टाकण्याआधी वर छताकडे बघितलं. काकांनी ते टिपलं. मग खुर्ची भिंतीला टेकवून बसला. तेही टिपलं. दाराला पाठ लावली नाही, चौकटीत हात ठेवला नाही. बायकोनं चहा आणला, बिस्किटं ठेवली. लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. काकांनी कप उचलला आणि प्रश्न टाकला.

लिफ्टवाल्यानं लेकीकडे एकदा बघितलं. मग काकांच्या डोळ्यात डोळे घालून सावकाश, एकेक करत, सहा आकडे सांगितले.

काकांचा कप ओठांपाशी थांबला.

तो आकडा कुठल्या गावाचा नव्हता, वस्तीचाही नव्हता. काही मोठ्या जागांना स्वतःचा वेगळा पिनकोड असतो, टपालाची थैली थेट त्यांच्या फाटकात जाते. हा आकडा तसा होता. तो होता शहराबाहेरच्या मोठ्या तुरुंगाचा. सॉर्टिंगमध्ये त्याचा खण अगदी तळाला, उजव्या कोपऱ्यात. सरकारचा पाहुणचार घेणाऱ्यांचं टपाल म्हणून सगळे त्याला पाहुण्यांचा खण म्हणत. रोज चार-दोन पोस्टकार्डं पडायची. "पाहुण्यांना निरोप आला," असं म्हणून कुणीतरी हसायचं, आणि काकाही हसत.

आता ते हसले नाहीत. कप खाली ठेवला. चेहरा कोरा ठेवायला त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. ताटली लिफ्टवाल्याकडे सरकवून ते म्हणाले, "बिस्किट घ्या."

लिफ्टवाला क्षणभर बघत राहिला. मग त्यानं बिस्किट घेतलं, पण खाल्लं नाही, हातातच धरून ठेवलं. सापडला, काका मनात म्हणाले. बोलून गेला आणि आता पस्तावतोय.

त्याला फाटकापर्यंत सोडून लेक परत आली ती थेट काकांपाशी. त्यांचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. डोळे भरलेले. "बाबा," एवढंच म्हणाली, आणि आत गेली. काकांना तेही खटकलं. हात कशाला धरायचा? हे दोघं मिळून काहीतरी शिजवतायत.

त्या रात्री ते कुशीवर वळत राहिले. हिशोब सरळ होता. माणूस सगळ्यात जास्त वेळा कुठला पिनकोड लिहितो? स्वतःचा. पत्राच्या मागे, अर्जाच्या खाली, जिथे तिथे. म्हणजे हा त्या फाटकाच्या आत राहून आला होता. छताकडे बघणं, भिंतीला टेकून बसणं, दारापासून लांब राहणं, सगळं जुळत होतं. लिफ्टच्या खोल विहिरीत उतरून काम करणारा माणूस वर बघितल्याशिवाय कुठे पाऊल टाकत नाही, आणि सरकत्या दारांना टेकत नाही, हे त्यांच्या डोक्यात येण्याचं कारणच नव्हतं. एकदा गुन्हेगार ठरवला की माणूस शिंकला तरी पुरावा होतो.

घरात त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. पोरीला सांगितलं तर ती त्याच्या कानावर घालणार, आणि तो सावध होणार. बायकोला सांगितलं तर ती रडणार. एकुलती एक लेक. तिचा हात अशा माणसाच्या हातात द्यायचा, ज्यानं काय केलंय ते ठाऊक नाही? ते खरोखर घाबरले होते. फक्त ती भीती त्यांना स्वतःलाच ओळखू येत नव्हती. तिला ते सावधपणा म्हणत.

लिफ्टवाला मात्र दर भेटीला जास्तच मोकळा होत गेला. काकांचा बंद पडलेला टेबललॅम्प उघडून दुरुस्त केला. काकूंच्या शिवणयंत्राला तेल दिलं. काकांशी बोलताना त्याच्या आवाजात एक वेगळाच आदर आला. निघताना एकदा तर वाकून नमस्कार केला. मस्का लावतोय, काकांनी ठरवलं. एवढा मस्का उगाच कोण लावतं? कुठेतरी पाणी मुरतंय.

"बाबा, तारीख कधी ठरवायची?" लेकीनं विचारलं.

"घाई काय आहे? वर्ष जाऊ दे."

"तुमच्या मनात काही आहे का?"

"माझ्या मनात काय असणार?"

लेक बघत राहिली. "तो म्हणतो, तुमच्यासारखा माणूस त्यानं पाहिला नाही."

पाहील, काका मनात म्हणाले. लवकरच पाहील.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टपालाच्या गाडीचा जुना ड्रायव्हर गाठला. तो अजून नोकरीत होता आणि तुरुंगाची थैली आजही तोच टाकून यायचा. चहाच्या टपरीवर काकांनी आडून आडून विषय काढला. उंच, सडपातळ, असा असा कोणी तिकडे दिसतो का?

"पाहुण्यांकडे?" ड्रायव्हर म्हणाला. "आहे की. दर महिन्याला, पहिल्या शनिवारी. फाटकाशेजारच्या बाकावर बसलेला असतो. मग आत जातो. कधी मान वर करून कुणाशी बोलत नाही."

"आत जातो?"

"आत जातो, बाहेर येतो. मला काय ठाऊक कशाला."

काकांना ठाऊक होतं. सुटलेल्या माणसांना हजेरी लावावी लागते, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. म्हणजे अजून पुरता सुटलेलाही नाही. ड्रायव्हरला आणखी दोन प्रश्न विचारले असते तर त्यानं कदाचित सांगितलंही असतं की शनिवार हा नातेवाइकांच्या भेटीचा दिवस. पण काकांना हवं ते उत्तर मिळालं होतं, आणि त्यापुढे त्यांना तहान नव्हती.

तिथून ते लिफ्टच्या कंपनीच्या ऑफिसात गेले. आमच्या इमारतीत लिफ्ट बसवायची आहे, म्हणाले. इमारत दोन मजल्यांची, आणि वरच्या मजल्यावर पाण्याची टाकी. टेबलामागच्या बाईंनी रंगीत कागद पुढे केले. काकांनी ते चाळल्यासारखं केलं आणि लिफ्टवाल्याचं नाव काढलं. माणूस कसा आहे?

"उत्तम आहे. शहरातल्या कितीतरी इमारतींच्या किल्ल्या त्याच्याकडे असतात."

"किल्ल्या?" काकांनी आवाज खाली आणला. "मग एकदा चौकशी केलेली बरी. आत जाऊन आलेला आहे म्हणतात."

बाईंचा हात कागदावरच थांबला. "कोण म्हणतं?"

"लोक."

बाहेर पडून रस्ता ओलांडताना त्यांच्या छातीत काहीतरी बारीक टोचलं. ते त्यांनी ॲसिडिटीवर ढकललं.

पहिला शनिवार आला. "जुन्या मित्राकडे जाऊन येतो," असं सांगून काकांनी बस धरली. बस शहराबाहेर निघाली, गोदामं मागे पडली, मग लांबच लांब उंच भिंत लागली. काका उतरले. इतकी वर्षं या जागेची थैली त्यांनी स्वतः बांधली होती, पण जागा कधी पाहिली नव्हती. फाटक होतं, त्यात छोटं दार, शेजारी जाळीची खिडकी. खिडकीसमोर माणसांची रांग होती. म्हाताऱ्या बाया, कडेवर मुलं घेतलेल्या बायका, हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या. आणि भिंतीलगतच्या बाकावर लिफ्टवाला.

काकांनी ठरवलं होतं की खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, काय, इथे कसे? पण लिफ्टवाल्यानं त्यांना आधीच पाहिलं. तो दचकला नाही. पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि बाकावर जागा केली.

"या काका. बसा."

काका बसले. दुसरं काय करणार?

"मला परवा ऑफिसात बोलावलं," लिफ्टवाला समोर बघत म्हणाला. "बाई म्हणाल्या, एक गृहस्थ येऊन गेले. टपालातले वाटत होते, कागदावरचा पिनकोड चुकीचा छापलाय म्हणून जाता जाता दुरुस्त करून गेले."

काकांनी खिशातलं बसचं तिकीट काढून त्याची घडी घातली.

"किल्ल्या काढून घेतल्यात माझ्याकडच्या. सध्या वर्कशॉपमध्ये बसायला सांगितलंय. तोपर्यंत मला कळलं नव्हतं, काका. मला वाटलं होतं, तुम्हाला सगळं माहितीये."

"काय माहिती?" काकांनी विचारलं.

"माझे बाबा आत आहेत. भांडणात त्यांच्या हातून शेजारचा एक माणूस मेला, जन्मठेप झाली. मी चौथीत होतो. आई त्याआधीच गेली होती. मामानं वाढवलं मला. शाळेतून आलो की पोस्टकार्ड लिहायचो. मामाच्या घरचा पिनकोड मला अजून धड येत नाही, पण हा कधी चुकला नाही." तो थांबला. "तिनं मला सांगितलं होतं, बाबा नव्या माणसाला हाच प्रश्न विचारतात. म्हणाली, नको असेल तर मामाचा सांग. मी म्हटलं, नाही. त्या वर्षांत तुम्हीच होतात ना त्या टेबलावर? मला वाटलं, माझं एकेक कार्ड या माणसाच्या हातातून गेलंय. तो आकडा ऐकून समजेल असा जगात एकच माणूस आहे, आणि तो माझा सासरा होणार आहे. दुसऱ्या कुणाला मला सगळं सांगावं लागलं असतं. तुम्हाला सहा आकडे पुरले असते."

रांग एका माणसानं पुढे सरकली. लिफ्टवाला उठला. काकाही उठले आणि त्याच्यामागे उभे राहिले.

"तुमचा कप थांबला. मला वाटलं, आता हाकलतील. आणि तुम्ही म्हणालात, बिस्किट घ्या." लिफ्टवाल्यानं पहिल्यांदाच त्यांच्याकडे पाहिलं. "मी ते खिशात घालून घरी नेलं होतं. त्या महिन्यात इथे आलो तेव्हा बाबांना सांगितलं. ते म्हणाले, त्या माणसाचे पाय धर माझ्यातर्फे. म्हणून त्या दिवशी वाकलो होतो."

काकांना वाटलं, आत्ता भिंत अंगावर यावी आणि सगळं संपून जावं. चोर पकडायला आलेल्या माणसाच्या हातात कुणीतरी आपलं सगळं घर ठेवलं होतं, आणि त्यानं ते उलटंपालटं करून त्यात ठशांचा शोध घेतला होता. मुलानं काहीच लपवलं नव्हतं. पहिल्याच दिवशी, पहिल्याच प्रश्नाला, डोळ्यात डोळे घालून सांगितलं होतं, आणि तेही काकांच्याच भाषेत. ती पोस्टकार्डं त्यांना आठवायला लागली. पोराचं मोठं, वाकडंतिकडं अक्षर असलेली, आकडे मात्र सुबक कोरलेली. एकच पोर असेल की दहा, कुणी बघितलं होतं? पाहुण्यांना निरोप आला, असं म्हणून ते हसले होते, एवढं मात्र नक्की.

"सोमवारी मी त्या ऑफिसात जातो," काका म्हणाले. "त्या बाईंना सांगतो की मी खोटं बोललो."

"आणि तिला?"

"तिलाही सांगतो. आज. घरी गेल्या गेल्या."

"ती माफ करणार नाही."

"नको करू दे."

दोघं पुढे सरकले. समोरची बाई पिशवी तपासून घेऊन आत गेली.

"एकच अडचण आहे," लिफ्टवाला हळूच म्हणाला. "बाबा दर वेळी विचारतात, त्या काकांना घेऊन कधी येतोस. मागच्या वेळी मी म्हटलं, पुढच्या महिन्यात विचारून बघतो. आता आत जाऊन काय सांगू?"

खिडकीतल्या शिपायानं जाळीवर पेन वाजवलं. लिफ्टवाल्याचा चेहरा त्याच्या ओळखीचा होता. "नेहमीचंच ना? सोबत कोणी?"

लिफ्टवाल्यानं तोंड उघडलं, पण काका आधी बोलले. "मी आहे."

"कैद्याशी नातं?"

काकांनी जाळी धरली. "व्याही," ते म्हणाले.

शिपायानं वर पाहिलं. "लग्न झालंय?"

"व्हायचंय. यांनी आता नको म्हटलं नाही तर."

शिपायानं लिफ्टवाल्याकडे बघितलं. लिफ्टवाला जमिनीकडे बघत होता. मागून कुणीतरी आवरा म्हणालं.

"पत्ता सांगा," शिपाई म्हणाला.

काकांनी घर नंबर सांगितला, गल्ली सांगितली.

"पिनकोड?"

काकांनी सांगायला तोंड उघडलं आणि पहिल्या दोन आकड्यांवर ते अडले. तोंडात येत होता तो याच फाटकाचा आकडा. तो बाजूला सारून त्यांनी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडले. डोळ्यांपुढे जाळी हलत होती. शिपाई पेन धरून थांबला होता.

लिफ्टवाला त्यांच्या खांद्यावरून खिडकीशी वाकला आणि त्यानं काकांच्या घराचे सहाच्या सहा आकडे सांगितले, न अडखळता, जणू रोज लिहीत असल्यासारखे.

शिपायानं ते लिहून घेतले आणि दाराकडे खूण केली. तो आकडा लिफ्टवाल्यानं कधी आणि कशासाठी पाठ केला, हे काकांनी विचारलं नाही. मान खाली घालून ते त्याच्यामागोमाग छोट्या दारातून आत गेले.